फोकाच्चा: चुलीच्या राखेतून ओटीजीत

केक आणि नानकटाईच्या पाठोपाठ कोल्हापुरातल्या घरच्या ओटीजीत (छोट्या विजेच्या भट्टीत) आता फोकाच्चा हा इटलीचा ब्रेडही शिरलाय. वरून रोझमेरीचा सुवासिक पाला पेरलेला, तेलात न्हालेला, दिसायला हॉटेलातला. पण ही मुळात चुलीतली रोटी. लॅटिनमध्ये ‘फोकुस’ म्हणजे चूल. त्यावरून ‘पानिस फोकाकिउस’ आणि पुढे फोकाच्चा. (केप्लरने १६०४ साली हाच शब्द प्रकाशशास्त्रात नेला, म्हणजे कॅमेऱ्याचा ‘फोकस’सुद्धा मूळचा चुलीचाच.) सातव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलचे बिशप इसिडोर यांनी तिची नोंद केली ती राखेत उलटून-पालटून भाजलेली रोटी म्हणून. विदर्भातले रोडगे आठवा. फ्रान्सची फुगास आणि स्पेनची ओगासा ही त्याच शब्दाची लेकरं.

आज जगभर पोचलाय तो इटलीतल्या जेनोआ शहराचा फोकाच्चा. तिथल्या बोलीत फुगासा. जाडी साधारण २ सेंटिमीटर. फुगून आलेल्या कणकेत बोटांनी खळगे पाडायचे आणि त्यात तेल व मिठाचं पाणी ओतायचं. थालीपीठाला भोकं पाडून तेल सोडणाऱ्या हाताला हे वेगळं शिकवावं लागत नाही. फरक एवढाच की बोट तळाला टेकवायचं, पण आरपार जाऊ द्यायचं नाही. पाण्यामुळे खळगे पांढरट, मऊ राहतात आणि मधले उंचवटे खरपूस होतात. जेनोआची माणसं तो सकाळी दुधाच्या कॉफीत बुडवून खातात. मिसळीच्या कटात ब्रेडची स्लाइस बुडवणाऱ्या गावाने याला नाक मुरडू नये.

तिथल्या साध्या फोकाच्चावर तेल-मिठापलीकडे काही नसतं. रोझमेरी, सेज, कांदा हे त्याचे भाऊबंद. दक्षिण इटलीतल्या बारी शहराच्या फोकाच्चावर टोमॅटो असतात आणि कणकेत बहुधा उकडलेला बटाटा. दोन्ही अमेरिकेतून आलेले, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आधीचे नव्हेतच.

आपल्याकडे हे घरी व्हायला उशीर लागला, कारण घरात भट्टीच नव्हती. भाकरी तव्यावर शेकायची आणि आरावर फुगवायची. ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन, नाही, त्यामुळे यीस्टची हवा धरून ठेवणं तिला जमत नाही. मैदा आणि भट्टी बेकरीवाल्याची. दिवाळीला नानकटाईचं पीठ घरी मळून पत्र्याच्या ट्रेमधून बेकरीत भाजायला न्यायचं, नंबर लावायचा आणि आपलाच ट्रे परत मिळेल अशी आशा धरायची.

हिरव्या पाल्यासाठी मात्र फार हिंडायला नको. सब्जा ज्या रोपाचा, तेच इटलीचं बेसिल. ओरेगानोची तिखट झाक हवी तर कुंडीतला पानओवा आहे. तो बारीक चिरून, तोही बेतानेच, नाहीतर फोकाच्चाला काढ्याचा वास मारतो. माझ्या पहिल्या फोकाच्चाला तसाच मारत होता. ऑलिव्ह तेलाऐवजी घाण्याचं शेंगतेल घातलं तर जेनोआवाले हरकत घेतील, पण गरम तुकड्याला त्याचा जो वास सुटतो, त्यापुढे मला त्यांचं ऐकावंसं वाटत नाही.