रॉ एचटीटीपी रिक्वेस्ट : बांधणी आणि पार्सिंग

ब्राउझर किंवा अ‍ॅप एचटीटीपी या वेबच्या संवाद-नियमांनुसार सर्व्हरकडे जी मागणी (रिक्वेस्ट) पाठवते ती शेवटी बाइटांची एक सलग माळ असते. वरचे आवरण बाजूला सारून ही माळ जशीच्या तशी हाताळली, की तिला रॉ रिक्वेस्ट म्हणतात. ती तयार करणे म्हणजे बांधणी. आलेल्या बाइटांतून मेथड (काय करायचे ते सांगणारा शब्द), पत्ता, हेडर (मागणीविषयीच्या माहितीच्या ओळी) आणि बॉडी (सोबतचा मजकूर) सुटे करणे म्हणजे पार्सिंग. प्रॉक्सी (मधला सर्व्हर), सर्व्हर, सुरक्षा-चाचणी, डीबगिंग या कामांत दोन्ही लागतात. बांधणी त्या मानाने सोपी. खरा कस लागतो तो पार्सिंगमध्ये, आणि तिथेही बहुतेक भानगडी एकाच प्रश्नापाशी येतात: संदेश संपला कुठे?

एचटीटीपीच्या १९९१ च्या पहिल्या रूपात हा प्रश्न नव्हताच. ‘गेट’ हा शब्द आणि पुढे पत्ता, एवढी एकच ओळ. सर्व्हरने उत्तर देऊन कनेक्शन तोडले की काम संपले. १९९६ मध्ये १.० आवृत्तीच्या दस्तऐवजात हेडर आले आणि १९९७ च्या १.१ पासून एकाच कनेक्शनवर एकामागून एक रिक्वेस्ट पाठवणे हीच नेहमीची रीत ठरली. तेव्हापासून पार्सरला सीमा मोजाव्या लागतात. १.१ ची एक रिक्वेस्ट अशी दिसते (प्रत्यक्षात पहिली ओळ आणि हेडर रोमन अक्षरांत जातात):

पोस्ट /निरोप एचटीटीपी/१.१
होस्ट: सर्व्हरचे नाव
कंटेंट-लेंथ: २१

नमस्कार

पहिल्या ओळीच्या आणि प्रत्येक हेडरच्या शेवटी सीआर आणि एलएफ हे दोन बाइट (१३ आणि १०) असतात, आणि हेडर संपल्याची खूण म्हणजे रिकामी ओळ. ती विसरली तर सर्व्हर पुढच्या हेडरची वाट पाहत बसतो आणि पाठवणारा उत्तराची. होस्ट हेडर गाळला तर १.१ च्या नियमानुसार ४०० क्रमांकाची चूक परत येते.

आता कंटेंट-लेंथमधला, म्हणजे बॉडीच्या लांबीचा, तो २१ चा आकडा. ‘नमस्कार’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा, युनिकोडच्या हिशेबाने सात चिन्हांचा आणि यूटीएफ-८ (चिन्हे बाइटांत लिहिण्याची पद्धत) मध्ये २१ बाइटांचा, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. लांबी बाइटांतच मोजायची असते. कुणी स्ट्रिंगची लांबी म्हणून ७ लिहिले, तर सर्व्हर ‘न’, ‘म’ आणि ‘स’चा एक तृतीयांश तुकडा घेऊन थांबतो, उरलेले १४ बाइट त्याला पुढच्या रिक्वेस्टची सुरुवात वाटतात. इंग्रजी मजकुरावर चाचणी करणाऱ्याला ही चूक दिसतच नाही.

लांबी आधी ठाऊक नसेल तर बॉडी चंक पद्धतीने, तुकड्यातुकड्यांत जाते. प्रत्येक तुकड्याआधी त्याचा आकार लिहितात, तोही षोडशमान (१६ च्या पायाच्या) पद्धतीत, आणि शून्य आकाराच्या तुकड्याने शेवट होतो. इथे ‘नमस्कार’चा आकार १५ असा लिहिला जाईल. हाताने लिहिलेल्या पार्सरने तो दशमान समजून वाचला तर हाती ‘नमस्क’ लागते आणि ‘ार’ मागे राहते.

ही कटकट लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) सोपवणेच शहाणपणाचे. पायथनची एच-११ ही लायब्ररी नेटवर्कला हातच लावत नाही: बाइट द्यावेत, घटना (हेडर आले, बॉडी आली अशा) घ्याव्यात, संदेश अर्धवट असेल तर ती ‘अजून डेटा हवा’ एवढेच सांगते. सॉकेटवरचा (प्रोग्राममधल्या नेटवर्क-जोडणीवरचा) एक वाचन-कॉल म्हणजे एक पूर्ण रिक्वेस्ट, हा नवशिक्यांचा लाडका गैरसमज इथे आपोआप गळून पडतो. नोड-जेएसमध्ये हे काम एल-एल-एचटीटीपी करते, रस्टमध्ये एचटीटीपार्स, आणि गो भाषेच्या प्रमाण लायब्ररीत रिक्वेस्ट वाचण्याचे फंक्शन तयारच मिळते.

बांधणीच्या बाजूने लायब्ररीचे मोठे काम म्हणजे हेडरच्या मूल्यात घुसलेले सीआर-एलएफ नाकारणे. नाहीतर वापरकर्त्याने भरलेल्या मजकुरातून नवा हेडरच उभा राहतो. रेफरर (आधीचे पान सांगणाऱ्या) हेडरच्या स्पेलिंगमधला गाळलेला ‘आर’ही तिला इमानाने तसाच पाठवावा लागतो, कारण ती चूक १९९६ च्या दस्तऐवजातच कायम झाली आहे. मात्र लायब्ररी सोयीसाठी हेडरांची अक्षरे लहान-मोठी करते किंवा क्रम बदलते. त्यामुळे पार्स करून पुन्हा बांधलेली रिक्वेस्ट मूळ बाइटांशी जुळेलच असे नाही. मूळ बाइटांवर सही तपासायची असेल तर ते आधीच जपून ठेवावे लागतात.

दोन पार्सरांचे सीमेवर एकमत झाले नाही की काय होते, ते २००५ मध्ये वर्णिलेल्या ‘रिक्वेस्ट स्मगलिंग’ या हल्ल्याने दाखवले. एकाच रिक्वेस्टमध्ये कंटेंट-लेंथ आणि चंक पद्धत सांगणारा असे दोन्ही हेडर घालतात. पुढचा प्रॉक्सी एक मानतो, मागचा सर्व्हर दुसरा. मधले उरलेले बाइट दुसऱ्याच कुणाच्या रिक्वेस्टला चिकटतात. चंकला प्राधान्य, असा प्रमाण नियम आहे. पण असा संदेश सरळ नाकारणारी लायब्ररी अधिक भरवशाची. हेडरचे नाव आणि अपूर्णविराम (:) यांच्यामध्ये मोकळी जागा असली तरी सर्व्हरने रिक्वेस्ट फेटाळावी, असेही प्रमाण सांगते. सैल पार्सर हा मनमिळाऊ नसतो, धोकादायक असतो.

२०१५ च्या एचटीटीपी/२ मध्ये मजकुराच्या ओळी गेल्या आणि बायनरी फ्रेम आल्या: प्रत्येकीला नऊ बाइटांचे शीर्ष, त्यातले पहिले तीन लांबीचे. टेलनेट (सर्व्हरला थेट मजकूर पाठवण्याचे साधन) उघडून हाताने रिक्वेस्ट टाइप करण्याची सोय तिथे संपली. लायब्ररीवाचून गत्यंतर नाही. तरीही बऱ्याच ठिकाणी पुढचा प्रॉक्सी एचटीटीपी/२ ची रिक्वेस्ट स्वीकारतो आणि मागच्या सर्व्हरसाठी तिचे १.१ मध्ये रूपांतर करतो. आलेली कंटेंट-लेंथ फ्रेममधल्या प्रत्यक्ष बाइटांशी न ताडता त्याने तशीच पुढे ढकलली, तर स्मगलिंगची वाट पुन्हा मोकळी होते.