पोट साफ होत नाही, त्यात बाळाचा काय दोष?

गरोदर बाईला पोट साफ होत नाही म्हटलं की घरातलं कोणीतरी सांगतंच, बाळ दाबतंय आतून. आता बघा, कित्येक जणींना हा त्रास तिसऱ्या महिन्याच्या आतच सुरू होतो, तेव्हा गर्भाशय अजून कटीच्या हाडांच्या आत असतं नि बाळ जेमतेम अंगठ्याएवढं, ते कुणाला दाबणार? शेवटी शेवटी दाब पडतो हे खरं, पण सुरुवात करतं ते प्रोजेस्टेरॉन.

हे हार्मोन मला फार भारी वाटतं. गर्भाशयाची भिंत अनैच्छिक स्नायूंची, पेशीत कॅल्शियम वाढलं की हे स्नायू आवळतात. दिवस भरायच्या आधीच आवळून बाळ बाहेर ढकललं जाऊ नये म्हणून प्रोजेस्टेरॉन त्यांना शांत ठेवतं. पण ते रक्तातून सगळीकडे फिरतं, आणि आतड्याच्या भिंतीतही त्याच जातीचे स्नायू आहेत, मग तेही सैलावतात, अन्न पुढे सरकवणाऱ्या लाटा मंदावतात, मल मोठ्या आतड्यात रेंगाळतो. मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषायचं, त्यात या काळात अल्डोस्टेरॉन नावाचं दुसरं एक हार्मोन वाढलेलं असतं ते आणखी पाणी ओढायला लावतं, म्हणून खडा होतो, कुंथावं लागतं, मूळव्याधही होते.

वर लोहाची गोळी. सरकारी दवाखान्यातल्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, ते सगळं काही अंगी लागत नाही, उरलेलं आतड्याला त्रास देतं आणि शौचाला काळं होतं. त्याला घाबरून गुपचूप गोळ्या बंद करणाऱ्या बायका आहेत, प्लीज असं करू नका, रक्त कमी असेल तर बाळंतपणातला रक्तस्राव जिवावर बेततो. डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते. इसबगोल चालतो, तो रक्तात जातच नाही, पाणी धरून फुगतो आणि मल मऊ ठेवतो, फक्त ग्लासभर पाण्यातूनच घ्या.

एरंडेल मात्र नको. "दुधातून दिलं की पोट साफ नि सुटकाही लवकर" असं अजून सर्रास सांगतात. या तेलातून आतड्यात रिसिनोलिक ॲसिड सुटतं, ते ईपी-३ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं आणि तो आतड्यावरही आहे नि गर्भाशयावरही, जर्मनीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. म्हणजे जुलाबासोबत कळाही येऊ शकतात, घरच्या घरी ठरवायची ही गोष्टच नाही.

आणि पोट ठरावीक वेळाने दगडासारखं घट्ट होत असेल, अंगावरून पाणी किंवा रक्त जात असेल तर गॅस समजून ओवा चघळत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.