ममी आणि प्राचीन ईजिप्तमधील अंत्यसंस्कार

ममी : प्राचीन ईजिप्तमध्ये खाराने सुकवून, राळ व तेलांचे लेपन करून आणि कापडात गुंडाळून टिकवलेला मृतदेह. हा संस्कार नाईलच्या खोऱ्यात तीन हजार वर्षांहून अधिक काळ चालू होता. ‘ममी’ हा शब्द मात्र ईजिप्शियन नाही. फार्सीत ‘मोम’ म्हणजे मेण. त्यावरून अरबीत ‘मूमिया’ हा शब्द डांबरासारख्या काळ्या खनिज पदार्थासाठी रूढ झाला. राळेने काळवंडलेले देह पाहून ते डांबरात बुडवले असावेत अशी मध्ययुगात समजूत झाली आणि पदार्थाचे नाव देहाला चिकटले. आपल्याकडच्या शिलाजितालाही फार्सीत आणि मध्य आशियात याच शब्दाची रूपे वापरतात.

ईजिप्शियन लोकांचा स्वतःचा शब्द होता ‘साह’. मानमरातब, प्रतिष्ठा या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते आहे. नुसत्या प्रेताला ते ‘खात’ म्हणत. खाताचा साह करणे, म्हणजे नाशवंत शरीराला देवाच्या मूर्तीची योग्यता आणणे, हा या सगळ्या खटाटोपाचा हेतू होता. चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा का, नखांवर सोन्याची टोपणे का, देह ओसायरिससारखा गुंडाळलेला का, हे त्यावरून उलगडते. केवळ ‘प्रेत कुजू न देण्याची युक्ती’ म्हणून ममीकडे पाहणे अपुरे आहे.

आरंभ. पहिल्या ममी वाळूने केल्या. नाईलकाठची काळी जमीन पिकासाठी, म्हणून मृतांना पलीकडच्या वाळवंटाच्या कडेला, उथळ खड्ड्यात, पाय पोटाशी घेऊन पुरत. तापलेली कोरडी वाळू अंगातले पाणी शोषून घेई आणि कुजण्याची क्रिया सुरू होण्याआधीच थांबे. गेबेलीन येथे सापडलेले असे देह ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते इ. स. पू. ३५०० च्या सुमाराचे आहेत. त्यांतल्या एका पुरुषाच्या दंडावर रानबैल व रानमेंढा गोंदलेले आहेत, हे २०१८ मध्ये अवरक्त प्रकाशात दिसून आले.

पुढे श्रीमंतांनी मृतांना अधिक मानाने ठेवायचे म्हणून लाकडी पेट्या आणि विटांच्या कबरी केल्या, आणि नेमके तिथेच बिघडले. वाळूचा स्पर्श तुटला व देह कुजू लागले. जे काम निसर्ग करत होता ते आता माणसाला करावे लागले. राळ लावलेल्या कापडाचे अवशेष राजवंशपूर्व, म्हणजे पहिल्या राजांच्याही आधीच्या, काळातल्या थडग्यांतही मिळाले आहेत. त्यामुळे ममीकरणाची सुरुवात पूर्वी मानत त्याहून बरीच जुनी ठरते. खुफू राजाची आई हेतेफेरेस हिची गीझा येथील कबर १९२५ मध्ये सापडली. शवपेटी रिकामी होती, पण शेजारच्या अलाबास्टर या फिकट दगडाच्या चौकोनी पेटीत तिची आतडी-इंद्रिये खाराच्या पाण्यात तशीच होती. इ. स. पू. २६०० च्या आसपास अंतर्गत अवयव वेगळे काढण्याची रीत रुळली होती, याचा हा पुरावा.

देह कशासाठी. ईजिप्शियन कल्पनेत माणूस अनेक घटकांचा बनलेला असे. ‘का’ ही जीवनशक्ती. ती जन्माबरोबर येते आणि मृत्यूनंतरही तिला अन्नपाणी लागते. ‘बा’ हे माणसाचे चैतन्य, माणसाचे डोके असलेल्या पक्ष्याच्या रूपात रंगवलेले. ते दिवसा कबरीबाहेर उडते, उजेड पाहते, रात्री देहाकडे परतते. परतायला ओळखीचा देह हवा, नाहीतर ‘बा’ला ठिकाणाच उरत नाही. याखेरीज सावली आणि नाव. नाव पुसले गेले तर माणूस संपला, म्हणून ते पेटीवर, भिंतीवर, दारावर पुन्हा पुन्हा कोरायचे. एखाद्याचा सूड उगवायचा तर त्याचे नाव छिन्नीने खोडत. हे सगळे घटक सुखरूप राहून मृत न्यायात उतरला, की तो ‘आख’, म्हणजे तेजस्वी पितर, होई. देह अग्नीला देण्याची रीत असलेल्या मराठी वाचकाला हे उलटे वाटेल. ‘का’साठी ठेवलेली भाकर व पाणी मात्र त्याला अनोळखी वाटू नये.

या विश्वासाला कथा होती ओसायरिसची. भाऊ सेथ याने त्याला मारून तुकडे केले. पत्नी आयसिस व बहीण नेफ्थिस यांनी ते शोधून आणले, कोल्हेमुखी अनुबिसाने जोडून गुंडाळले, आणि ओसायरिस मृतांच्या राज्याचा राजा झाला. तीच पहिली ममी. आधी केवळ राजाच मेल्यावर ‘ओसायरिस’ होई. मध्य राज्याच्या काळापर्यंत (सुमारे इ. स. पू. २०००) कोणीही सामान्य मृत ‘ओसायरिस अमुक’ म्हणवला जाऊ लागला. माझ्या मते ईजिप्तच्या धर्मेतिहासातले हे सर्वांत मोठे स्थित्यंतर आहे. इ. स. पू. २३५० च्या सुमारास उनास राजाच्या पिरॅमिडच्या भिंतींवर कोरलेले मंत्र फक्त राजासाठी होते. पुढे तेच मंत्र फेरफार होऊन अधिकाऱ्यांच्या शवपेट्यांवर आले, आणि नव्या राज्याच्या काळात (सुमारे इ. स. पू. १५५० पासून) पपायरसच्या, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदाच्या, गुंडाळीवर लिहून विकत मिळू लागले. या गुंडाळ्यांना आज ‘मृतांचा ग्रंथ’ म्हणतात. मूळ नावाचा अर्थ ‘दिवसाच्या उजेडात बाहेर पडण्याचे मंत्र’ असा होतो, आणि तो कितीतरी अधिक बोलका आहे.

कृती. मृत्यूपासून दफनापर्यंत सत्तर दिवस लागत. व्याध तारा वर्षातून सुमारे तेवढेच दिवस आकाशात दिसेनासा होई आणि नंतर पहाटे पुन्हा उगवे, त्याच्याशी या मुदतीचा संबंध जोडलेला होता. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातही याकोबाच्या देहाला मसाले भरण्यास चाळीस दिवस लागले आणि ईजिप्शियन लोकांनी सत्तर दिवस शोक केला, असे आले आहे.

देह आधी नदीच्या पश्चिमेकडील तात्पुरत्या मांडवात नेऊन धूत. पश्चिम ही मावळतीची दिशा, म्हणून मृतांना ‘पश्चिमेचे लोक’ म्हणायची पद्धत होती. मग कार्यशाळेत नाकपुडीतून धातूची सळई घालून कवटीचे पातळ हाड फोडत आणि मेंदू काढून टाकत. मेंदूला काही किंमत नव्हती. विचार, स्मृती, विवेक हे सारे हृदयात असते असे मानत, म्हणून हृदय जागच्या जागी राही. डाव्या कुशीला छेद देऊन यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी बाहेर काढत. ती वेगळी सुकवून चार बरण्यांत ठेवत. ओसायरिसचा मुलगा होरस याचे चार पुत्र त्यांचे राखणदार : माणसाच्या तोंडाचा इम्सेती यकृताचा, वानरमुखी हापी फुप्फुसांचा, कोल्हेमुखी दुआमुतेफ जठराचा, ससाणामुखी केबेहसेनुफ आतड्यांचा. छेद देणारा माणूस काम होताच पळ काढी आणि बाकीचे त्याच्यामागे दगड घेऊन धावत, असे ग्रीक लेखक डायोडोरस सांगतो. देहाला इजा करणे हे पाप, आणि ती केल्याशिवाय तर संस्कार होत नाही. हा पेच त्या लुटुपुटूच्या दगडफेकीतून सोडवलेला दिसतो.

खरी किमया पुढची. कैरोच्या वायव्येला वादी नत्रून नावाचे खोलगट खोरे आहे. तिथली सरोवरे आटली की काठावर पांढरा खार साचतो. सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट, मीठ आणि सल्फेट यांचे ते मिश्रण असते. आपला सज्जीखार किंवा पापडखार त्याच घराण्यातला. हा खार कोरड्या स्वरूपात देहाच्या आत पुड्या करून भरत आणि वरून ढिगाने पसरत. सुमारे चाळीस दिवसांत तो अंगातले पाणी ओढून घेई व चरबीचा साबण करून टाकी. इ. स. पू. पाचव्या शतकात ईजिप्तला गेलेल्या हेरॉडोटस या ग्रीक इतिहासकाराने या क्रियेसाठी जो ग्रीक शब्द वापरला, तोच मासे खारवण्यासाठीही वापरत. त्याच्या मजकुरावरून देह खाराच्या पाण्यात बुडवत असावेत असा समज बराच काळ होता. १९९४ मध्ये अमेरिकेत बॉब ब्रायर व रोनाल्ड वेड यांनी एका देहदात्याच्या शरीरावर जुन्या पद्धतीने कोरडा खार वापरून ममी केली आणि ती टिकली.

सुकलेला देह धुऊन त्यावर देवदाराचे तेल, मेण, चरबी व राळ यांचे लेप देत. साक्कारा येथे इ. स. पू. सातव्या-सहाव्या शतकांतली जमिनीखालची एक कार्यशाळा सापडली. तिच्यातल्या मडक्यांवर ‘डोक्यासाठी’ अशा सूचना व पदार्थांची नावे शाईने लिहिलेली होती. २०२३ मध्ये त्यांतल्या अवशेषांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध झाले. त्यांत भूमध्य सागरापलीकडच्या पदार्थांबरोबर आशियातल्या उष्ण प्रदेशातल्या, आपल्या साल वृक्षाच्या कुळातील झाडांची राळही निघाली. दुसऱ्या रामसेस राजाच्या (मृत्यू इ. स. पू. १२१३) नाकात तर काळी मिरी भरलेली होती. नाकाचा बाक गुंडाळताना चपटा होऊ नये म्हणून ती खुपसलेली. काळ्या मिरीचा वेल मूळचा दक्षिण भारतातला, त्यामुळे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मलबारचा माल नाईलपर्यंत पोचत होता असे मानावे लागते. ममीकरणाची कला सर्वांत वरच्या पातळीला गेली ती एकविसाव्या राजवंशात (इ. स. पू. अकरावे-दहावे शतक). तेव्हा कातडीखाली भरण घालून गाल पुन्हा भरीव करत, कृत्रिम डोळे बसवत आणि अवयवांच्या पुरचुंड्या परत पोटात ठेवत.

शेवटी गुंडाळणी. जवसाच्या धाग्याचे लिनन कापड फाडून पट्ट्या करत आणि मंत्र म्हणत एकेक बोट वेगळे गुंडाळत. थरांमध्ये ताईत घालत. छातीवर भुंग्याच्या आकाराचा दगडी ‘हृदय-भुंगा’ असे. वाह नावाच्या एका व्यवस्थापकाच्या ममीवर (इ. स. पू. विसावे शतक) सुमारे ३७५ चौरस मीटर कापड होते. कापड बहुधा घरातलेच, धुऊन धुऊन मऊ झालेले. काही पट्ट्यांवर मालकाचे नाव अजून वाचता येते. आपल्याकडे आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी अंगावर असते, तशी ती माणसे आपल्या घरच्या चादरींत निजली आहेत.

दफन आणि न्याय. मिरवणूक कबरीशी आली की ममी उभी करत आणि ‘मुखोद्घाटन’ होई. बिबट्याचे कातडे पांघरलेला पुरोहित वाकसाच्या आकाराच्या हत्याराने तिच्या तोंडाला व डोळ्यांना स्पर्श करी. त्यानंतर मृताला बोलता, पाहता आणि जेवता येई. तूतनखामेन राजाच्या कबरीच्या भिंतीवर ‘आय’ नावाचा त्याचा वारस हा विधी करताना दिसतो. राज्यावरचा हक्क सांगण्याचीही ती एक रीत होती.

पुढचा प्रवास दोन सत्यांच्या सभागृहाकडे. तिथे बेचाळीस देवांसमोर ‘मी चोरी केली नाही, मी मापात मारले नाही, मी कोणाला रडवले नाही’ अशी ग्वाही द्यायची. मग हृदय एका पारड्यात आणि मातदेवीचे, म्हणजे सत्य व ऋताचे, पीस दुसऱ्यात. अनुबिस काटा धरतो, लेखनाचा देव थॉथ नोंद करतो. हृदय जड झाले तर मगरीचे तोंड, सिंहाची छाती व पाणघोड्याची मागची बाजू असलेली अम्मित ते गिळते, आणि तो माणूस कायमचा नाहीसा होतो. तिथे यातनांपेक्षा मोठे भय नाहीसे होण्याचे होते. हृदय-भुंग्यावरचा मंत्र त्यासाठीच : हे माझ्या आईकडून आलेल्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. पापाची कबुली टाळायला मंत्र विकत घेणे आज विसंगत वाटते. पण त्या विनवणीत माणसाची भीती प्रामाणिक आहे.

न्यायात उतरलेल्याला मिळे लव्हाळ्यांचे शेत, म्हणजे नाईलकाठचेच गाव, फक्त पीक उंच आणि पाणी भरपूर. तिथेही नांगर धरावा लागे. म्हणून ‘शाब्ती’ नावाच्या छोट्या मूर्ती बरोबर देत. काम निघाले की मालकाच्या वतीने त्यांनी ‘मी हजर आहे’ म्हणायचे. तूतनखामेनजवळ अशा ४१३ होत्या.

सर्वांनाच हे परवडे असे नाही. हेरॉडोटसने महाग, मध्यम व स्वस्त असे तीन प्रकार सांगितले आहेत, पण बहुसंख्य शेतकरी चटईत गुंडाळून वाळूतच पुरले गेले. शंकाही होत्या. वीणावादकाचे एक जुने गीत सांगते की तिथून कोणी परत आलेला नाही, तेव्हा आजचा दिवस आनंदात घालव. आणि तरी मृतांशी बोलणे थांबत नसे. लायडन येथे असलेल्या एका पपायरसवर एक विधुर आपल्या मृत पत्नी अंखिरीला लिहितो : मी तुझे काय वाईट केले, तू मला का छळतेस? तू आजारी असताना मी वैद्य आणला, तुला चांगले कापड दिले.

चोरी, औषध, अभ्यास. मौल्यवान वस्तू पुरल्या जात, तिथे चोरही येत. तूतनखामेनची आतली पेटी सुमारे ११० किलो सोन्याची आहे, आणि तो तर लहान वयात गेलेला दुय्यम राजा. इ. स. पू. ११०० च्या आसपासच्या खटल्यांचे पपायरस उपलब्ध असून त्यांत कबरी फोडणाऱ्या कारागिरांचे जबाब आहेत. पुढे पुरोहितांनी उरलेले राजदेह पुन्हा गुंडाळून देर अल-बहरीच्या कड्यात लपवले. ते १८८१ मध्ये उजेडात आले.

प्राण्यांच्या ममी हा वेगळाच विस्तार. एपिस हे पवित्र मानलेले बैल राजेशाही थाटात पुरले जात. शराटी पक्षी व मांजरे मात्र उत्तरकाळात नवसापोटी देवाला वाहण्यासाठी लाखोंनी तयार केली गेली. रोमन अमलात मुखवट्याऐवजी लाकडी फळीवर मेणरंगांत रंगवलेले चेहरे आले. फायूममध्ये मिळालेले ते चेहरे पाहताना माणूस समोर बसल्याचा भास होतो. ख्रिस्ती धर्म रुजला तसा हा संस्कार हळूहळू विझला.

नंतर देहांची विटंबना झाली. युरोपात कित्येक शतके ममी कुटून औषध म्हणून पोटात घेत, चित्रकारांसाठी तिचा तपकिरी रंग करत. १८९० मध्ये मांजरांच्या सुमारे १ लाख ८० हजार ममी खतासाठी इंग्लंडला नेल्या. एकोणिसाव्या शतकात पट्ट्या सोडवण्याचे जाहीर कार्यक्रम होत. आज सीटी स्कॅनमुळे पट्टीला हात न लावता वय, आजार व ताईत कळतात. भारतातही कोलकाता, जयपूर, हैदराबाद येथे ममी आहेत, आणि सयाजीराव गायकवाडांनी उभारलेल्या बडोद्याच्या संग्रहालयात एक आहे. ३ एप्रिल २०२१ रोजी कैरोत अठरा राजे व चार राण्या यांचे देह जुन्या संग्रहालयातून फुस्तात येथील नव्या संग्रहालयात मिरवणुकीने नेण्यात आले. प्रत्येकासाठी स्वतंत्र वाहन होते, आणि त्यावर त्याचे नाव लिहिलेले होते.