समाजमाध्यमे माणसांना देश सोडायला लावतात का?
2015 साली लाखो सीरियन निर्वासित तुर्कस्तानातून ग्रीक बेटांवर उतरले, तेव्हापासून ‘फेसबुकवर युरोपची चित्रे पाहून माणसे कागदपत्रांविना निघतात’ हा समज रूढ झाला. तो अर्धवट आहे. घर सोडायला लावले ते युद्धाने. समाजमाध्यमांचा प्रभाव पडला तो मार्ग, दलाल आणि मुक्कामाचा देश निवडण्यावर: बुडू लागलेल्या रबरी होडीतून व्हॉट्सअ‍ॅपवर ठावठिकाणा पाठवून मदत मागितली जाई, आणि त्याच फोनवर तस्करांच्या ‘सुरक्षित प्रवासा’च्या जाहिरातीही येत. नेदरलँड्समध्ये पोहोचलेल्या सीरियनांच्या मुलाखती घेणाऱ्या संशोधकांना आढळले की, अनोळखी मजकुरापेक्षा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर त्यांचा भरवसा अधिक होता. धोक्याचे इशारे देणाऱ्या सरकारी मोहिमा धरून चालतात तितकी ही माणसे, माझ्या मते, भोळी नसतात.