त्रिशरण आधी, पंचशील नंतर: रोजच्या वंदनेमागचा इतिहास

विहारात ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ तीनदा म्हटलं जातं, मग त्रिशरण (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं) तीनदा आणि लगोलग पाच शीलं. सवयीमुळे हा सलग एकच पाठ वाटतो. पण त्याचे भाग वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या गरजेतून आले.

विनयपिटक या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या महावग्गानुसार पहिले उपासक (गृहस्थ अनुयायी) म्हणजे तपस्सु आणि भल्लिक हे दोन व्यापारी. उक्कलाहून येताना त्यांनी राजायतन वृक्षाखाली बुद्धांना सत्तू आणि मधाचे लाडू दिले आणि ते शरण गेले, पण फक्त बुद्ध आणि धम्माला. संघ अजून जन्मालाच यायचा होता, म्हणून त्यांना ‘द्वेवाचिक’, म्हणजे दोनच शरणं उच्चारणारे, उपासक म्हणतात. तिसरं शरण आलं ते इसिपतनला, म्हणजे आजच्या सारनाथला. वाराणसीच्या श्रेष्ठीचा मुलगा यश रात्रीतून घर सोडून तिथे आला. त्याच्या सोन्याच्या पादुकांचा माग काढत वडील पोहोचले, त्यांनी उपदेश ऐकला आणि ते बुद्ध, धम्म, संघ या तिघांनाही शरण गेले. पहिले ‘तेवाचिक’ उपासक ते. यशची आई आणि पत्नी या पहिल्या तेवाचिक उपासिका. या प्रसंगांत कुणीही शीलं घेतलेली नाहीत.

पुढे भिक्खू चहूकडे चारिकेला, म्हणजे उपदेशाच्या फिरतीला, गेले आणि एक व्यवहारी अडचण उभी राहिली. प्रव्रज्या (घर सोडून संघात येण्याची दीक्षा) मागणाऱ्याला लांबून बुद्धांकडे आणावं लागे, त्यात आणणारा आणि येणारा दोघेही दमून जात. तेव्हा बुद्धांनी भिक्खूंनाच परवानगी दिली: केस-दाढी उतरवायची, काषाय वस्त्र पांघरायचं, एक खांदा उघडा ठेवायचा, भिक्खूंच्या पायांना वंदन करायचं, उकिडवं बसून हात जोडायचे आणि त्रिशरण तीनदा म्हणायचं. झाली उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्खूची दीक्षा! संघ वाढल्यावर ही सोपी पद्धत बंद झाली. त्याऐवजी संघापुढे एक ज्ञप्ती (प्रस्ताव) आणि तीन अनुश्रावणं (त्याच्या जाहीर घोषणा), असं ‘ञत्तिचतुत्थकम्म’ आलं. मध्यदेशात त्याला किमान 10 भिक्खू लागतात, सीमाप्रदेशात 5. संघातल्या दीक्षेत त्रिशरण उरलं ते सामणेराच्या (नवशिक्या भिक्खूच्या) प्रव्रज्येपुरतं. तिथे मात्र उच्चाराला फार महत्त्व आहे. अट्ठकथेच्या (पाली भाष्यग्रंथाच्या) मते कम्मवाचेत, म्हणजे उपसंपदेच्या पाठात, आचार्याचा उच्चार शुद्ध असला की पुरतं. सामणेराच्या शरणगमनात देणारा आणि घेणारा, दोघांचाही शुद्ध लागतो. म्हणूनच ‘बुद्धं’ अनुस्वारानं आणि ‘बुद्धम्’ ओठ मिटून, असं दोन्ही प्रकारे म्हणवून घेण्याची थेरवादी रीत आहे. गृहस्थाच्या वंदनेत इतकी काटेकोर अट नाही.

शीलांचा उगम वेगळा. अंगुत्तरनिकाय या सुत्तसंग्रहात महानाम शाक्य बुद्धांना विचारतो, उपासक कधी होतो? उत्तर: तिघांना शरण गेला की. शीलवान उपासक कधी? पाच गोष्टींपासून विरत झाला की. म्हणजे हे दोन टप्पे आहेत. हिंसा, चोरी, कामाचार आणि असत्य टाळणं हे त्या काळच्या श्रमण परंपरांचं सामाईक धन होतं. जैनांची व्रतंही तिथवर जुळतात. पाचवं मात्र वेगळं: जैनांकडे अपरिग्रह, बौद्धांकडे मद्यत्याग. गंमत म्हणजे दहा अकुशल कर्मपथांच्या (वाईट कृत्यांच्या) यादीत मद्यपान येतच नाही. भिक्खूंसाठी मद्याचा नियम झाला तो सागत या थेरामुळे (ज्येष्ठ भिक्खूमुळे). नागाला नमवणाऱ्या या थेराला कोसंबीकरांनी कौतुकानं घरोघरी दारू पाजली आणि तो नगराच्या वेशीतच कोसळला.

शील मोडलं की नाही हे ठरवायला अट्ठकथांनी अंगं मोजून दिली आहेत. पहिल्याची पाच: जिवंत प्राणी, तो जिवंत असल्याची जाणीव, मारण्याचा हेतू, प्रयत्न आणि मृत्यू. चालताना नकळत मुंगी चिरडली तर जाणीव आणि हेतू नाहीत, शील मोडत नाही. खोट्याची अंगं चार, त्यात समोरच्याला ते बोलणं समजणंही येतं.

तिन्ही रत्नांचा एकत्र उल्लेख दगडावर सापडतो तो अशोकाच्या बैराटच्या लेखात. मराठीत हा विषय समजावून सांगितला तो गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी. बुद्ध, धर्म आणि संघ यांवरची त्यांची बडोद्यातली व्याख्यानं 1910 मध्ये छापली गेली.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी कुशीनाराच्या भिक्खू चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील घेतलं. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः जमलेल्या लाखोंना तेच दिलं आणि वर 22 प्रतिज्ञा दिल्या. गृहस्थानं गृहस्थांना सामुदायिक दीक्षा देणं ही या सोहळ्यातली खरी नवी गोष्ट. जुन्या रीतीत उपासक होण्याला वेगळा समारंभ जवळपास नव्हताच. इथे तो घडवावा लागला, कारण मागचा धर्म सोडणंही जाहीरपणे व्हायचं होतं.

‘ओकास अहं भन्ते तिसरणेन सद्धिं पञ्चसीलं धम्मं याचामि’ (भन्ते, त्रिशरणासह पंचशील मागतो) ही आपल्याकडची याचना श्रीलंका-ब्रह्मदेशाच्या प्रथेतली. ती भिक्खूसमोरच म्हणायची. भन्ते, म्हणजे समोरचे भिक्खू, ‘यमहं वदामि तं वदेथ’ (मी म्हणतो ते म्हणा) म्हणतात, आपण ‘आम भन्ते’ (होय, भन्ते) म्हणायचं आणि मागून उच्चारायचं. भिक्खू हजर नसताना बौद्धाचार्य (विधी करणारा गृहस्थ) किंवा घरातलं कुणी पाठ सांगत असेल, तर याचना गाळून थेट ‘नमो तस्स’पासून सुरुवात करावी, समोर भन्ते नसताना याचनेतलं ‘देथ मे भन्ते’ (मला द्या, भन्ते) म्हणण्यात अर्थ नाही. घाईत प्रत्येक शीलातल्या ‘समादियामि’चं (मी ग्रहण करतो) ‘समाधियामि’ होतं, तेवढं टाळावं. उपोसथाला (व्रताच्या दिवशी) अष्टशील घेताना तिसऱ्या शीलात ‘कामेसु मिच्छाचारा’ (कामाचार) ऐवजी ‘अब्रह्मचरिया’ (ब्रह्मचर्य मोडणं) येतं. जिभेवर रोजचं बसलेलं असल्यामुळे चूक नेमकी इथेच होते, म्हणून सांगणाऱ्यानं तिसऱ्याआधी क्षणभर थांबावं.