वैजनाथ (पुरुषनाम)

वैजनाथ : मराठवाड्यात, विशेषतः बीड, परभणी व लातूर भागात रूढ असलेले पुरुषनाम. परळी (जि. बीड) येथील शिवस्थानावरून ते घेतले जाते.

मूळ संस्कृत रूप वैद्यनाथ, म्हणजे वैद्यांचा स्वामी शिव. समुद्रमंथनानंतर धन्वंतरी व अमृत परळीच्या शिवलिंगात लपविले, ही तेथील आख्यायिका याच अर्थावर उभी आहे. संस्कृत ‘द्य’चा प्राकृतात ‘ज्ज’ व मराठीत ‘ज’ होतो : अद्य–अज्ज–आज, विद्युत्–विज्जु–वीज. त्याप्रमाणे वैद्यचे वेज्ज झाले. पण या नियमाने ‘वेजनाथ’ व्हायला हवे होते. ‘ऐ’ टिकला तो बहुधा पुराण-कीर्तनांतून मूळ रूप कानी पडत राहिल्याने. कांगड्याचे (हिमाचल प्रदेश) बैजनाथ याच मुळाचे. तिकडे ‘व’चा ‘ब’ झाला. देवघर (झारखंड) येथे बैजू नावाच्या भक्तावरून नाव पडल्याची कथा सांगतात. परंतु ध्वनिनियमांनी नावाचा उलगडा होत असता बैजू हा नावावरूनच कल्पिलेला दिसतो.

ज्योतिर्लिंग परळीचे की देवघरचे, हा वाद बारा ज्योतिर्लिंगांच्या श्लोकांतील पाठभेदांचा आहे. ‘परल्यां वैद्यनाथं च’ हा पाठ परळीला, तर ‘वैद्यनाथं चिताभूमौ’ हा देवघरला अनुकूल. शंकराचार्यांच्या नावावरील स्तोत्रातले ‘पूर्वोत्तरे’ (ईशान्येस) हे दिशावाचक पद परळीला लावणे कठीणच. अहिल्याबाई होळकरांनी केलेल्या परळीच्या जीर्णोद्धाराचे साल काही ठिकाणी इ.स. 1706 दिलेले आढळते. त्यांचा जन्म 1725चा असल्याने ते ग्राह्य नाही. आकडा शकाचा मानल्यास इ.स. 1784-85 येते व ते जुळते.

बोलीत वैजिनाथ, हाकेत वैजू. लिंगायत घरांत पुढे ‘अप्पा’, इतरत्र ‘राव’ लागतो. कारकुनाने ऐकले तसे लिहिल्याने सातबाऱ्यावर वैजिनाथ व दहावीच्या सनदेवर वैजनाथ, असा घोळ वारसनोंदीच्या वेळी उघडा पडतो. इंग्रजीत आद्याक्षर व्ही की डब्ल्यू, ही त्यात भर. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र काही कामांपुरते चालते. नाव कायमचे बदलायचे तर राजपत्रात प्रसिद्धी लागते.

अवकहडा चक्रात (नावाच्या आद्याक्षराची नक्षत्र-चरणाशी सांगड घालणाऱ्या ज्योतिषातील कोष्टकात) ‘वै’ हा ‘वे’बरोबर धरतात : मृग नक्षत्र, पहिला चरण, वृषभ रास. वैजंता हे स्त्रीनाम मात्र वैजयंतीवरून आलेले असून त्याचा वैजनाथशी संबंध नाही.