बोलिव्हियाची क्रांती (१९५२) आणि अमेरिकन वकिलातीचे कागद

दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियात, ला पाझ इथली अमेरिकन वकिलात आणि वॉशिंग्टनचं परराष्ट्र खातं यांच्यात त्या काळात गेलेल्या-आलेल्या तारा, पत्रं, भेटींची टिपणं, म्हणजे हे कागद. अमेरिकन सरकार १८६१पासून असे जुने कागद छापत आलंय, त्यातल्या १९५२-५४च्या चौथ्या खंडात बोलिव्हिया आहे आणि आता सगळं ऑनलाइन फुकट वाचता येतं.

मागचं थोडक्यात. १९५१च्या निवडणुकीत सगळ्यात जास्त मतं पडली विरोधी पुढारी व्हिक्टर पाझ एस्तेन्सोरो यांना, तेही ते ब्युनोस आयर्सला परागंदा असताना, मग राष्ट्राध्यक्ष उरिओलागोइतियांनी सरळ लष्कराच्या हातात सत्ता देऊन टाकली. ९ एप्रिल १९५२ला उठाव झाला, खाणकामगार आणि बंदूक घेतलेले साधे लोक तीन दिवसांत सैन्याला भारी पडले आणि पाझ एस्तेन्सोरो यांचं सरकार आलं.

आता वकिलातीचे कागद वाचायला घेतले की क्रांतीपेक्षा कथिलच जास्त दिसतं. देशाची निर्यात म्हणजे मुख्यतः कथिल, आणि हलक्या प्रतीचा माल वितळवणारी भट्टी अमेरिकेत टेक्सास सिटीत, त्यामुळे पाउंडाला किती सेंट यावरून महिनोन् महिने घासाघीस. नव्या सरकारला अमेरिकेची मान्यता मिळाली २ जूनला. ३१ ऑक्टोबरला पातिन्यो, होशिल्ड, अरामायो या तिन्ही बड्या कंपन्यांच्या खाणी सरकारजमा झाल्या, मग भरपाईचा घोळ, त्यात कोरिया युद्ध निवळल्यावर भाव पडले. कामगार पुढारी हुआन लेचिन खाणमंत्री, त्यांच्यावर वॉशिंग्टनचा कायम संशय. तरी शेवटी हिशेब असा झाला की हे लोक कम्युनिस्ट नाहीत, यांना पाडलं तर कम्युनिस्टच येतील. १९५३मध्ये अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचे भाऊ मिल्टन आयझेनहॉवर येऊन गेले आणि धान्याची मदत सुरू झाली.

त्याच खंडात ग्वाटेमालाही आहे, आणि खरी गंमत तिथे, कारण १९५४मध्ये सीआयएने, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने, तिथलं सरकार पाडलं ते या खंडात जवळजवळ नाहीच! त्यावरून इतिहासकारांनी बरीच टीका केली, शेवटी २००३मध्ये पुरवणी खंड काढावा लागला. त्यामुळे बोलिव्हियाचं प्रकरणही जरा सावधपणेच वाचावं असं मला वाटतं. शिवाय खाणीतल्या माणसाचा आवाज इथे येतो तो वकिलातीतल्या साहेबाच्या टाइपरायटरमधून.

महागाईचा भडका पुढच्या १९५५-५७च्या सातव्या खंडात सापडतो. सरकारी दर डॉलरला १९० बोलिव्हियानो आणि बाजारात हजारोंच्या घरात, म्हणून १९५६मध्ये जॉर्ज जॅक्सन ईडर या अमेरिकन सल्लागाराने चलन मोकळं सोडायला लावलं, खाणकामगारांसाठीच्या दुकानांतलं स्वस्त धान्यही बंद करायला लावलं, आणि नेमके ज्यांच्या बळावर क्रांती झाली तेच खाणकामगार सरकारवर उलटले.